नॅरोबोटीवर राहायला येताय? या चुका टाळा

मार्च संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, लंडनचं भाडं झेपत नाही, आम्ही बोट घेतोय." इंग्लंडातल्या कालव्यांवर मी नऊ वर्षं राहतेय, ५७ फूट लांब आणि ६ फूट १० इंच रुंद अशा पोलादी नॅरोबोटीत. फोन करणाऱ्यांना मी कधी परावृत्त करत नाही, कारण हे राहणं मला मनापासून आवडतं. पण त्याच त्या चुका दर वर्षी नव्या माणसांच्या हातून होताना बघून जीव कळवळतो. बहुतेक चुका अज्ञानापेक्षा घाईतून होतात.

लॉक उतरताना सिल विसरणं

ही सगळ्यात धोक्याची, म्हणून हिच्यापासून सुरुवात. चढउतारावरून कालवा न्यायचा तर पाण्याच्या पायऱ्या कराव्या लागतात. त्यातली एक पायरी म्हणजे लॉक: दोन्ही टोकांना दारं आणि मध्ये बोट मावेल एवढा विटांचा हौद. दारातल्या किंवा भिंतीतल्या झडपा उघडून पाणी भरायचं नाहीतर सोडायचं. या झडपांना इथे पॅडल म्हणतात, आणि ती फिरवायच्या लोखंडी हँडलला विंडलास. वरच्या दारांच्या बुडाशी हौदात पुढे आलेला एक कट्टा असतो, तो सिल. लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. त्याची हद्द दाखवायला काठावर पांढरी रेघ मारलेली असते. खाली उतरणारी बोट त्या रेघेच्या मागे राहिली तर पंखा (बोट ढकलणारा, पाण्याखालचा प्रोपेलर) आणि सुकाणू सिलवर टेकतात, मागची बाजू अडकून बसते आणि पुढची बाजू पाण्याबरोबर खाली जात राहते. पंधरा-सोळा टनांचं पोलाद असं तिरकं झालं की पुढच्या दारातून पाणी आत शिरतं. मग बोट बुडायला फार वेळ लागत नाही.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात मी स्टोक ब्रुर्नला होते. ग्रँड युनियन कालव्यावर तिथे ओळीने सात लॉकं आहेत, सगळी मिळून ५६ फूट उतार. मी खालून वर येत होते आणि पुढचं लॉक मोकळं व्हायची वाट बघत काठावर उभी होते. वरून नाशिकचं एक तरुण जोडपं उतरत होतं. बोट घेऊन त्यांना दहा दिवस झाले होते. बायको खालच्या दाराशी होती. तिने दोन्ही पॅडलं एकदम पूर्ण उघडली. नवरा बोटीवर, मागे सुकाणूपाशी. गॅसवर दूध ठेवलंय हे त्याला आठवलं आणि "आलोच" म्हणून तो आत उतरला. बोट थांबवायला त्याने रिव्हर्स गिअर टाकला होता. तो तसाच राहिला, आणि बोट हळूहळू मागे सरकत गेली.

आधी आवाज आला. विटेवर लोखंड घासल्याचा, आणि पाठोपाठ आतून भांडी सरकल्याचा. ती बोटीकडे धावली. धावणारच, नवरा आत होता. मी ओरडले, "पॅडल पाड! आधी पॅडल पाड!" ती थबकली, मागे फिरली आणि एक पॅडल बंद केलं. दुसरं मी केलं. मग मी वरच्या दाराशी जाऊन पाणी थोडं थोडं सोडत गेले. वरचं पॅडल एकदम उघडलं असतं तर तो लोंढा बोटीच्या मागच्या भागावरच आला असता. चार-पाच मिनिटांत बोट सिलवरून सुटून सरळ झाली. सुकाणू खालच्या खोबणीतून निघालं होतं, पुढच्या खोलीतली गादी भिजली होती, दूध सगळं फरशीवर. ती काठावरच्या गवतात बसून होती आणि विंडलासभोवतीची तिची बोटं उघडत नव्हती. मी एकेक बोट सोडवून ते हँडल काढून घेतलं.

म्हणून माझ्या बोटीवर काही सवयी मोडायच्या नाहीत. लॉकमध्ये असताना कोणीही आत जायचं नाही, दूध उतू जाऊ दे. खालचं पॅडल आधी अर्धंच उघडायचं. सुकाणूवरच्या माणसाने हात वर केला की पुढचं. बोलून चालत नाही, पाण्याच्या आवाजात ऐकू येत नाही. उतरताना दोरीला गाठ मारायची नाही, खुंट्याला वेढा देऊन टोक हातात धरायचं. गाठ मारलेली बोट दोरीला लटकते आणि मग सुरी शोधावी लागते. विंडलास पॅडलच्या दांड्यावर अडकवून सोडून जायचं नाही. पॅडल वर धरून ठेवणारी खिट्टी सुटली तर ते गरगर फिरतं आणि मनगट मोडतं. आणि काहीही बिनसलं तर क्रम एकच: खालची पॅडलं बंद, मग वरून हळूहळू पाणी.

"दोन्ही पॅडलं एकदम उघडली की वेळ वाचतो" असं शिकवणारे खूप भेटतात. वेगमर्यादाच ताशी ४ मैल असलेल्या वाटेवर वाचवलेली दोन मिनिटं कुठे नेऊन ठेवायची आहेत, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

अरुंद लॉकांबद्दल एवढंच: ती ७ फुटांची असतात, तुमची बोट ६ फूट १० इंचांची. बाजूला लोंबणारे फेंडर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या गाद्या, आत शिरायच्या आधी वर घ्या. ते भिंतीत पाचरीसारखे बसतात.

रंग बघून बोट घेणं

बाहेरून गुलाब रंगवलेले, आत नवं किचन, फोटो सुरेख. पाण्याखालचं बूड कोणी बघत नाही. नव्या बोटीचं पोलाद साधारणपणे तळाला १० मिलिमीटर, बाजूंना ६ आणि वरच्या केबिनला ४ असतं. वीस-पंचवीस वर्षांत गंजाने त्याला खड्डे पडतात. बोट पाण्याबाहेर काढून, स्वतः नेमलेल्या सर्व्हेअरकडून अल्ट्रासाउंडने जाडी मोजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. बाजू ४ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर पूर्ण विमा मिळायला अडचण येते आणि वरून नवा पत्रा जोडायचा खर्च अंगावर पडतो. विकणाऱ्याने दाखवलेला जुना रिपोर्ट त्याच्यासाठी केलेला असतो, तुमच्यासाठी नाही.

घेतल्यावर दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून बुडाला काळा बिटुमेन लावावा लागतो. मॅग्नेशियमचे ॲनोड, म्हणजे पोलादाऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, त्याच वेळी बघायचे. मरीनात किनाऱ्यावरची वीज जोडणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर आधी बसवा. नाहीतर शेजारच्या बोटींशी अर्थिंगमधून जोडलं जाऊन तुमचंच पोलाद झिजतं.

बॅटऱ्या मारणं

पहिल्या हिवाळ्यात मी ११० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या मारल्या. ऑक्टोबरात नव्या घेतलेल्या, फेब्रुवारीत संपल्या. रोज संध्याकाळी तासभर इंजिन चालवायचे, मीटरवर १४.४ व्होल्ट दिसायचे, मी समाधानाने इंजिन बंद करायचे. तो आकडा चार्जिंग चालू असतानाचा असतो, बॅटरीत किती भरलंय ते तो सांगत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. फेब्रुवारीतल्या एका पहाटे पाण्याचा पंप घरघरला आणि थांबला. टॉर्च लावून मीटर बघितला तर १०.९.

लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली नेऊ नये. म्हणजे ४४० पैकी वापरायला २२० अँपिअर-अवर. अर्ध्याच्या खाली वारंवार गेली किंवा अर्धवट भरून ठेवली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तेवढी क्षमता कायमची जाते. शिवाय शेवटचा वीस टक्के भाग भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण बॅटरी भरत येते तसा ती घेत असलेला करंट कमी होत जातो. तासभर इंजिन चालवून तो भाग कधीच भरत नाही. रोज थोडं कमी, रोज थोडं कमी, असं चार महिने चाललं की काय होतं ते मी बघितलंय.

आता मी सकाळी उठल्यावर, एकही दिवा लावायच्या आधी, व्होल्टेज बघते आणि वहीत लिहिते. १२.७ म्हणजे पोट भरलेलं. १२.२ म्हणजे अर्धं, त्या दिवशी इंजिन चालवायचंच. आणि ते घड्याळ बघून बंद करत नाही, करंट चार-पाच अँपिअरवर येऊन स्थिर झाला की बंद करते. आठवड्यातून एकदा त्याला सहा-सात तास लागले तरी लागू देते. त्या दिवशी बोट हलवायची, म्हणजे तेवढ्याच डिझेलमध्ये प्रवासही होतो. रात्री ८ ते सकाळी ८ उभ्या बोटीवर इंजिन चालवायचं नाही असा नियम आहे, तेव्हा हे दिवसाच उरकायचं.

छतावर सोलर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी डिसेंबर बघावा. सूर्य चारच्या आसपास मावळतो आणि दिवसभर आभाळ. माझी पॅनलं तेव्हा फ्रीजपुरतीही वीज देत नाहीत. चारपैकी एकच बॅटरी बदलू नका, जुन्या तीन तिलाही खाली ओढतात. लिथियम चांगली, पण ती जुन्या अल्टरनेटरला (इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्राला) सरळ जोडून देणारे मिस्त्री भेटतात. ती एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवाच.

अलार्म काढून ठेवणं

हे खास आपल्या माणसांसाठी. फोडणी दिली की स्मोक अलार्म बोंबलतो. दोन दिवस सहन करतात, तिसऱ्या दिवशी भिंतीवरचे दोन्ही अलार्म काढून ड्रॉवरमध्ये जातात. त्यातला दुसरा कार्बन मोनॉक्साइडचा असतो. त्याला फोडणीशी काही देणंघेणं नाही. त्या वायूला वास नाही, रंग नाही, डोकं दुखतं आणि माणसाला वाटतं थकवा आलाय, झोपू या. एप्रिल २०१९पासून बोट सेफ्टी स्कीम, म्हणजे बोटींच्या सुरक्षा तपासणीच्या योजनेच्या, नियमांत हा अलार्म आवश्यक आहे. तो काढलेला दिसला तर मी त्या बोटीवर चहासुद्धा घेत नाही. फोडणी देताना खिडकी उघडा, दार उघडा, झाकण ठेवा, अलार्मला हात लावू नका.

थंडी वाजते म्हणून छतावरच्या आणि दारांतल्या हवेच्या जाळ्या कापडाने बुजवणं ही त्याचीच बहीण. बोट उबदार ठेवणाऱ्या स्टोव्हची राख बादलीत भरून आत ठेवणं ही तिसरी. वरून विझलेल्या राखेतले निखारे रात्रभर तो वायू सोडत राहतात. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, आणि बादली बोटीबाहेर. स्टोव्हच्या दाराची दोरीसारखी पट्टी दर हिवाळ्याआधी बदला. नोट दारात धरून दार बंद करा, नोट सहज ओढून निघाली तर पट्टी गेली.

आणि भाताच्या वाफेबद्दल: पोलादी बोटीत वाफ जाईल कुठे? सकाळी खिडक्यांच्या चौकटीतून पाणी ओघळतं आणि गादीखाली बुरशी येते. गादीखाली लाकडी पट्ट्या टाका, हवा खेळू द्या.

बाकीच्या

निळ्या सिलिंडरमधला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं बंद करतो. जानेवारीत "गॅस भरलेला आहे पण शेगडी पेटत नाही" असे फोन येतात. लाल सिलिंडर, म्हणजे प्रोपेन घ्या.

पंख्यात अडकलेलं काढायला वीड हॅच, म्हणजे पंख्यावरचं झाकण, उघडलीत तर ती परत घट्ट बसवून, हाताने हलवून बघून, मगच इंजिन चालू करा. सैल राहिली तर पंखाच पाणी आत फेकतो. किल्ली खिशात ठेवूनच हात खाली घाला. मी पंख्यातून साडी काढलेली आहे, ब्रेड कापायच्या सुरीने, दीड तास.

एका ठिकाणी कायमचा तळ न घेता फिरतं राहणार असाल तर १९९५च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याप्रमाणे एका जागी सलग १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही. ऑफिसजवळच्या दोन पुलांमध्ये मागेपुढे करणं म्हणजे प्रवास नव्हे. कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टची माणसं बोटींचे नंबर टिपत असतात, आणि लायसनच्या नूतनीकरणाला ते समोर येतं. मुलांची शाळा एका गावात असेल तर आधी मुरिंग, म्हणजे बोट बांधायची कायमची जागा, शोधा, मग बोट.

बांधलेल्या बोटींजवळून जाताना वेग पार कमी करा. तुमच्या लाटेने मऊ मातीतल्या खुंट्या उपटतात आणि कोणाची तरी बोट कालव्याला आडवी होते.

पाण्याची टाकी आणि टॉयलेटची कॅसेट (मैला साठवायचा डबा), दोन्हींच्या बाबतीत "उद्या बघू" चालत नाही. कडाक्याची थंडी पडली की कालवा गोठतो, बोट हलत नाही आणि नळाशी पोचता येत नाही. अंदाज तीन अंशांच्या खाली दाखवू लागला की मी त्याच दिवशी एक भरते आणि दुसरी रिकामी करते.

इंजिनाखालच्या खळग्यात पाणी दिसलं तर घाबरून पंप लावून मोकळे होऊ नका, आधी ते कुठून येतंय ते बघा. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथली ग्लँड, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा सांधा, जुन्या पद्धतीची असेल तर दांडा फिरताना मिनिटाला एखादा थेंब पडणं ठीक असतं. बोट उभी असताना पडत राहिला तर ग्रीसच्या डबीचं झाकण अर्धा फेरा फिरवा. रोज रात्री इंजिन बंद केलं की मी हे करतेच. तरी थांबला नाही तर ग्लँडमधलं पॅकिंग बदलायला झालंय. खळगा कोरडा पुसून जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवायचं आणि सकाळी ओल कुठल्या कोपऱ्यातून आली ते बघायचं. मागच्या महिन्यात माझ्याकडे ती गरम पाण्याच्या टाकीच्या बाजूने आलेली होती, एक क्लिप सैल झाली होती, आणि मी ग्लँडवर उगाच दोन दिवस घालवणार होते.