बुलेटच्या हँडलला व्होल्टमीटर: क्लॅम्प दहा मिनिटं, वायर दोन तास

गाडीला दोन फॉगलाइट लावले, वरून मोबाइलचा चार्जर, आणि मग पावसात ताम्हिणीत चहाला थांबून परत सेल्फ मारला तर नुसतं टक टक टक. किक होती म्हणून वाचलो. त्या दिवसापासून डोक्यात होतं की बॅटरीचं काय चाललंय ते डोळ्यासमोर दिसायला पाहिजे, म्हणून छोटा डिजिटल व्होल्टमीटर आणून हँडलला बसवला. पहिल्यांदा चुकीचा बसवला, ते पण सांगतो.

मीटर घेताना बाकी काही नाही बघितलं तरी मागे वायर किती आहेत ते बघा. दोन वायरवाला स्वस्त असतो, त्यातली लाल-काळीच त्याला चालवते आणि तिचाच व्होल्टेज तो दाखवतो. तीन वायरवाल्यात लाल-काळी फक्त चालवायला आणि तिसरी, बहुतेक पिवळी किंवा पांढरी, मोजायला. चार पैसे जास्त गेले तरी तीनवाला घ्या, का ते पुढे येईल. आकडे लाल किंवा हिरवे घ्या, निळे दिवसा भारी दिसतात पण रात्री घाटात डोळ्यात टोचतात. माझ्याकडे निळाच आहे, त्याच्यावर काळ्या सनफिल्मचा तुकडा चिकटवलाय.

आता क्लॅम्प. आपल्याकडच्या बहुतेक बाईकच्या हँडलची नळी २२ मिलीमीटरची, पण काही ॲडव्हेंचर गाड्यांचं हँडल मधे जाड असतं, त्यामुळे आधी मोजा. व्हर्नियर नसेल तर दोरा एकदा गुंडाळून पट्टीवर धरा, ६९ मिलीमीटरच्या आसपास आला की २२ ची नळी. क्लॅम्पच्या आत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, क्रोम खरवडत नाही आणि बुलेटच्या थरथरीत क्लॅम्प फिरत पण नाही. हँडलला ड्रिल मारायचा विचार कुणी सुचवला तर हात जोडा, ती नळी भोकाजवळच तुटते. जागा ठरवताना क्लॅम्प हलका लावून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा, टाकीला लागतोय का, क्लचची केबल अडकतेय का, चावी फिरवताना बोटं आपटतायत का. मग घट्ट करा.

इथपर्यंत दहा मिनिटं. खरं काम वायरचं. सुरुवातीला बॅटरीची निगेटिव्ह काढा, नंतर लावताना ती शेवटी लावा, म्हणजे पाना चुकून फ्रेमला लागला तरी ठिणगी उडत नाही.

माझी चूक अशी झाली की मी लाल-काळी सरळ बॅटरीवर दिली. सोपं वाटलं राव. पण मीटर मग चोवीस तास चालू. साधारण २० मिलीअँपिअर खातो असं धरलं तरी दिवसाला अर्धा एएच (अँपिअर-अवर, बॅटरीतल्या चार्जचं माप), आठवडाभर गाडी उभी राहिली की तीन-साडेतीन एएच गेले, ८ एएचची बॅटरी असेल तर जवळजवळ अर्धी. गावाहून परत आलो तर बॅटरी बघायला लावलेल्या मीटरनेच बॅटरी उतरवलेली.

म्हणून लाल वायर अशा ठिकाणाहून घ्या जिथे चावी फिरवली की करंट येतो आणि बंद केली की जातो. बुलेटला हेडलाइटच्या डोममध्ये सगळ्या वायर एकत्र येतात, तिथे पायलट लॅम्पची (हेडलाइटजवळच्या छोट्या दिव्याची) वायर बरी पडते. रंगावर विश्वास ठेवू नका, आधीच्या मेकॅनिकने काय जोडलं असेल देव जाणे, मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं हातातलं यंत्र) लावून चावी चालू-बंद करून बघा (त्यासाठी बॅटरी तात्पुरती जोडा, खात्री झाली की परत काढा). जिथून वायर घेतली तिथेच जवळ १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज. अर्थ, म्हणजे काळी निगेटिव्ह वायर, हँडलवरून घेऊ नका, मधे पेंट आहे, क्रोम आहे, स्टीअरिंगच्या बेअरिंगचं ग्रीस आहे, आकडा नाचत राहतो. लूममधली (गाडीच्या वायरच्या जुडग्यातली) अर्थची वायर शोधा नाहीतर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत काळी न्या.

आणि तिसरी वायर? पायलट लॅम्पपर्यंत येईस्तोवर चावी, स्विच, दहा कनेक्टर यात पॉइंट दोन-तीन व्होल्ट गळतात, म्हणजे दोन वायरवाला मीटर बॅटरी आहे त्यापेक्षा कमीच दाखवणार. मोजायची वायर सरळ बॅटरीच्या पॉझिटिव्हवर द्या, तिथेही जवळच वेगळा फ्यूज, तिच्यातून जाणारा करंट नगण्य असतो त्यामुळे बॅटरी उतरायची भीती नाही. दोन वायरवाला आधीच घेतला असेल तर काहींच्या मागे बारका स्क्रू असतो, मल्टीमीटर बॅटरीवर धरून तो फिरवून आकडा जुळवता येतो.

जोड सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा. दाबून बसवायच्या त्या क्लिपा पावसाळ्यात आतून हिरव्या पडतात. वायर हँडलपासून खाली येताना थोडी सैल ठेवा, हँडल वळल्यावर ताण नको, आणि मीटरपाशी वायरला खाली एक पोट द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल, आत शिरणार नाही. मीटरच्या मागे सिलिकॉन भरायचं तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं वापरू नका, ते आतलं तांबं खातं.

सगळं जोडलं की वाचायचं कसं: इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी, चावी फक्त फिरवलेली, १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे आज किक मारा. इंजिन चालू करून थोडा रेस दिला की १३.८ ते १४.५ यायला पाहिजे. रेस देऊनही १२ च्या घरातच रेंगाळला तर चार्जिंग होत नाहीये, स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) किंवा आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, बॅटरीला जाणारा व्होल्टेज आवरणारा) तपासा. १५ च्या वर गेला तर आरआर गेलंच समजा, बॅटरी उकळायच्या आत बदला. सेल्फ मारताना क्षणभर १० पर्यंत खाली येणं नॉर्मल, ९.६ च्याही खाली जात असेल तर बॅटरी म्हातारी झालीय. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आयडलला फॉगलाइट चालू ठेवून माझा आकडा १२.४ वर येतो, तेव्हा फॉग बंद करतो, लगेच चढतो.

शंभर-दोनशे किलोमीटर झाले की क्लॅम्पचे स्क्रू एकदा परत आवळा, ट्यूबचा तुकडा दबतो आणि मीटर हळूच मान खाली घालतो.