जुनी माउंटन बाइक कमी खर्चात पुन्हा चालती कशी करावी

सुधारायला घेतलेल्या माझ्या पहिल्या जुन्या माउंटन बाइकला मी सगळ्यात आधी रंग दिला. दोन रविवार घासण्यात गेले, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. फ्रेम झकास दिसायला लागली. सीट वर घ्यायला गेलो तर दांडा जागचा हलेना. तो सोडवायच्या झटापटीत नवा रंग पोपडे धरून निघाला आणि मग लक्षात आलं की मागची रिम ब्रेक घासून घासून कागदासारखी पातळ झाली आहे. तोवर खिसा रंगानं रिकामा केला होता. तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला: आधी तपासणी, मग छर्रे आणि ग्रीस, मग केबल, चेन, टायर, आणि रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा रंगाची पाळी येतच नाही.

माउंटन बाइकचा जन्म 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीच्या डोंगरउतारांवर झाला. 1981 मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजम्पर आली आणि ही सायकल कारखान्यातून मोठ्या संख्येनं बाहेर पडू लागली. तेव्हापासून साधारण 90 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या, पोलादी फ्रेम, बिनशॉकचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), 26 इंची चाकं आणि कँटिलिव्हर ब्रेक (रिमच्या दोन बाजूंचे, आडव्या तारेनं जोडलेले ब्रेक) असलेल्या सायकलींबद्दल मी बोलतोय. कमी पैशांत जमणारं काम ते हेच, कारण या सायकलींचा जवळजवळ प्रत्येक भाग उघडतो, पुसता येतो आणि पुन्हा बसवता येतो.

घेण्याआधीचा अर्धा तास

सायकल उलटी करा आणि हँडलखालच्या नळीला जिथे तिरकी खालची नळी जुळते तिथे, खालच्या अंगानं बोट फिरवा. रंगाला सुरकुती लागली किंवा नळीला किंचित फुगवटा जाणवला तर ती सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे. तिथेच नमस्कार करून निघायचं. पेडलच्या धुऱ्याभोवतीचे, म्हणजे दोन्ही पेडलांचे दांडे ज्यावर बसतात त्या मधल्या धुऱ्याभोवतीचे, जोड आणि मागचं चाक बसतं त्या खाचाही बघा. रंगावरची केसासारखी रेघ म्हणजे बहुधा तडा. वरवरचा गंज भीतीदायक दिसतो, पण निरुपद्रवी असतो. पोलाद खपल्या धरून निघत असेल तर मात्र नको.

फ्रेम कितपत चांगली आहे हे स्टिकरवरून कळतं. टांगे (Tange), ट्रू टेम्पर, रेनॉल्ड्स ही नळ्या बनवणाऱ्यांची नावं किंवा ‘क्रोमोली’ (एक मजबूत मिश्रपोलाद) हा शब्द दिसला तर उत्तम. स्टिकर गेलं असेल तर सीटचा दांडा बाहेर काढून त्यावर कोरलेला आकडा वाचा. 26.8 किंवा 27.2 मिमी म्हणजे नळीची भिंत पातळ, अर्थात पोलाद बऱ्यापैकी भारी. 25.4 असेल तर जाड, जड, साधी नळी. ती वाईट नसते, पण तिच्यासाठी जास्त मोजू नका.

रिमवर ब्रेक घासतो त्या पट्टीला स्टीलची पट्टी आडवी लावा. मध्ये खोलगट भाग दिसला तर चाकाचा खर्च आत्ताच धरा. 90 च्या दशकातला रबरी गोळ्यांचा शॉक असेल तर त्या गोळ्यांचा आता बहुधा भुगा झालेला असतो. तो दुरुस्त करण्यात मला राम वाटत नाही. तेवढ्याच उंचीचा साधा फोर्क मिळाला तर तो बसवावा, नाहीतर सायकल सोडून द्यावी.

शेवटी सीटचा दांडा आणि हँडलचा स्टेम (हँडलला फ्रेममध्ये धरून ठेवणारा भाग), दोन्ही फिरवून बघा. फिरले तर अर्धी लढाई जिंकलात.

आणि नाही फिरले तर

अॅल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत वर्षानुवर्षं तसाच राहिला की ओल शिरते, दोन धातूंमध्ये गंजण्याची क्रिया सुरू होते आणि त्यातून तयार होणारी पांढरी भुकटी दांडा जखडून टाकते. हातोडा हा यावरचा शेवटचा उपाय. पहिला उपाय म्हणजे धीर. गंज सोडवणारं पातळ तेल दांड्याच्या कडेनं सोडा. पेडलचा धुरा काढलेला असेल तर सायकल उलटी करून आतूनही सोडा. हे रोज एकदा, चार-पाच दिवस. मग एक जुनी, टाकाऊ सीट घट्ट बसवा, मदतीला कुणाला तरी फ्रेम धरायला लावा आणि सीट धरून दांडा डावी-उजवीकडे पिळा. वर ओढू नका, फक्त पिळा. तापमानानुसार अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि आकसतं, म्हणून दांड्याला बर्फ लावला की तो नळीपेक्षा जास्त आकसतो. ‘कट्’ असा बारीक आवाज आला की समजा सुटला. दांडा विरघळवायला कॉस्टिक सोडा ओततात असं कानावर येईल. घरी करू नका. वाफ आणि उष्णता दोन्ही आटोक्याबाहेर जातात.

उघडताना

प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः केबल कुठून कुठे जाते त्याचा. नट-बोल्ट ज्या भागाचे त्याच भागात हातानं परत फिरवून ठेवा.

उलटे आटे दोन ठिकाणी असतात. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं; पाना उभा धरून मागच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही पेडलं सुटतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. पेडलच्या धुऱ्याची चेनकडची वाटीही बहुतेक सायकलींत उलटी असते, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं सुटते.

क्रँक, म्हणजे पेडलला धुऱ्याशी जोडणारा दांडा, काढायला पुलर (खेचून काढायचं हत्यार) लागतो. तो क्रँकच्या आट्यांत पूर्ण, अगदी तळापर्यंत फिरवा. मी एकदा तीन-चार फेऱ्यांवर भागवलं, आणि क्रँक जागेवरच राहून आटे तेवढे गुळगुळीत होऊन हातात आले. पुलर, चाकाचं हब, म्हणजे मधला भाग, उघडायचे 13 आणि 15 मिमीचे पातळ कोन पाने आणि चेन तोडायचं हत्यार, एवढंच विकत घ्या. फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) किंवा पेडलच्या धुऱ्याची वाटी काढण्याची हत्यारं वर्षातून एकदा लागतात. ते काम दुकानातून करून घेणं स्वस्त पडतं.

हब: इथे वेळ घाला

पैसे न लागता सायकलीत सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. पुढचं चाक काढा, खाली जुना पांढरा कपडा अंथरा आणि एका बाजूचा लॉक नट व कोन (छर्रे दाबून धरणारा निमुळता नट) सोडा. एक्सल सरकवताच छर्रे घरंगळतात, म्हणून कपडा. पुढच्या हबला सहसा प्रत्येक बाजूला 3/16 इंचाचे 10, मागच्याला 1/4 इंचाचे 9 छर्रे असतात. तरी काढताना मोजा. जुनं ग्रीस वाळून मेणचट, काळपट झालेलं असेल. ते रॉकेलनं धुऊन काढा आणि वाटीत नख फिरवा. चकचकीत वळ उमटलेला असेल तर चालेल, नख अडकलं तर खड्डा आहे. कोनाला खड्डा पडला असेल तर कोन बदलता येतो. वाटी बहुधा हबचाच भाग असते, म्हणून ती गेली की चाकच शोधावं लागतं.

छर्रे नवे घ्या, फार स्वस्त असतात. वाटीत सढळ हातानं ग्रीस भरा. छर्रे त्यात चिकटून बसतात. आता कोन इतपत आवळा की एक्सल बोटांनी फिरवताना खरखर लागत नाही. क्विक रिलीजचं, म्हणजे बिनपान्याचं, खटक्यानं आवळायचं चाक असेल तर किंचित, अगदी जाणवेल न जाणवेल एवढा खेळ शिल्लक ठेवा, कारण क्विक रिलीज आवळली की एक्सल थोडा दाबला जातो आणि तेवढा खेळ भरून निघतो. पहिल्यांदा हे जमायला मला पाऊण तास लागला होता. लागू द्या.

हँडलच्या आणि पेडलच्या वाट्यांनाही हेच. चाकात थोडा आउट असेल, म्हणजे फिरताना चाक डुगडुगत असेल, तर ब्रेकचं रबर खूण म्हणून वापरून, चाक सायकलवरच ठेवून, निपल (आऱ्यांच्या टोकाचे नट) एका वेळी पाव फेरी फिरवत आउट काढा.

मेल्यासारखे वाटणारे गिअर

शिफ्टर दाबला की नुसता लुळा पडतो, खटका लागत नाही. लोक तो फेकून नवा घेतात. बहुतेक वेळा आतलं ग्रीस घट्ट होऊन खिट्ट्या चिकटलेल्या असतात. केबल काढा, डिग्रीझरचा स्प्रे आत भरपूर मारा, खटका दाबत राहा, पुन्हा मारा. दहा-पंधरा मिनिटांत खट-खट सुरू होतं. मग पातळ तेलाचे दोन-चार थेंब. अंगठ्यानं फिरवायचे जुने शिफ्टर असतील तर तुम्ही नशीबवान. त्यातल्या बऱ्याच शिफ्टरना खटका बंद करायची सोय असते, आणि मग मागे कितीही चक्रांचं फ्रीव्हील असो, गिअर हातानं जुळवता येतो.

पैसे कुठे घालायचे

केबल आणि त्यांचं आवरण, ब्रेकचे रबर, गरज असेल तर चेन, आणि टायर-ट्यूब. चेन मोजायला पट्टी पुरते: एका पिनपासून 24 पिना पुढे बरोबर 12 इंच भरायला हवेत. 1/16 इंच जास्त भरले तर चेन बदला. 1/8 इंच जास्त असतील तर बहुधा फ्रीव्हीलही गेलं आहे. दोन्ही एकदम बदला, नाहीतर नवी चेन दात्यांवरून उड्या मारते.

टायर घेताना नुसतं ‘26 इंच’ म्हणू नका. याच नावाची, वेगळ्या मापाची टायर असतात. बाजूला 559 हा आकडा छापलेला बघा; 590 चं टायर या रिमवर बसणार नाही.

कँटिलिव्हरच्या जागी व्ही-ब्रेक लावायचा मोह होईल. 1996 मध्ये शिमानोनं आणलेला हा ब्रेक जवळजवळ दुप्पट केबल ओढतो, म्हणजे हँडलवरचे ब्रेकचे दांडेही बदलावे लागतात. आहे तेच नव्या रबरावर नीट जुळवा. पुढचा रिफ्लेक्टर मात्र काढू नका, दिसायला कितीही गावंढळ वाटला तरी. ब्रेकची मुख्य केबल तुटली तर दोन बाजूंना जोडणारी आडवी तार खाली पडून खडबडीत टायरमध्ये अडकते आणि चाक जागच्या जागी थांबतं. रिफ्लेक्टरची पट्टी ती तार अडवून धरते.

रंगाचं म्हणाल तर धुवा, पॉलिश करा, उडालेल्या जागी जुळत्या छटेचं नेलपॉलिश लावा. क्रोमवरचा गंज अॅल्युमिनियमच्या चुरगाळलेल्या फॉइलनं, पाणी लावून घासला की निघतो. सीटचा दांडा आणि स्टेम परत घालताना मात्र ग्रीस लावा.

पहिली फेरी घराजवळच, खिशात अॅलन की आणि क्रँकच्या बोल्टचा पाना ठेवून. नव्या केबल पहिल्या काही दिवसांत सैल पडतात, तेव्हा अॅडजस्टर (केबलच्या टोकाचा, ताण वाढवायचा स्क्रू) अर्धी-एक फेरी बाहेर काढा. 50 किलोमीटर झाले की क्रँकचे बोल्ट पुन्हा आवळा. सैल क्रँकवर चालवत राहिलात तर त्याचं चौकोनी भोक मोठं होतं आणि मग तो कितीही आवळला तरी टिकत नाही.