स्वच्छ दिसणारी जुनी गाडी सुट्या भागांसाठी मोडावी की राखावी, हे कसे ठरवावे

जिचा रंग शाबूत आहे, क्रोम चमकते आहे आणि काचा मूळच्या आहेत, अशी जुनी फियाट केवळ इंजिन बसले म्हणून भागांसाठी मोडून टाकावी, असा सल्ला देणारे रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही भेटतात. हा सल्ला बहुतेक वेळा भाग विकत घेणाऱ्याच्या सोयीचा असतो. माझ्या मते असा निर्णय दोनच गोष्टींवर घ्यावा, बॉडीच्या पत्र्यावर आणि कागदांवर. पुढील विवेचन फियाट ११०० आणि तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी यांना धरून आहे. अँबेसेडरलाही ते लागू पडते, कारण या गाड्यांना वेगळी चेसी नसून बॉडी हाच त्यांचा सांगाडा असतो. जीपचे गणित वेगळे आहे, कारण तिची चेसी ठीक असेल तर वरचा पत्रा बदलता येतो.

प्रथम आरसी बुकातील इंजिन आणि चेसी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर ती दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. ती किती काळापासून थकली आहे, याची चौकशी परिवहन कार्यालयातच करावी, दलालाकडे नव्हे. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ मध्ये आलेल्या नियमांप्रमाणे तिची विंटेज वाहन म्हणून नोंदणी होऊ शकते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. कागद मुळीच नसलेली गाडी कितीही देखणी असली, तरी ती सहसा भागांसाठीच उरते.

इंजिनाकडे फार वेळ पाहू नये. १०८९ सीसीचे हे साधे चार सिलिंडरांचे इंजिन आहे. बोअरिंग आणि हेडचे काम कोल्हापुरात नेऊन करून घेता येते.

खरी कसोटी पत्र्याची आहे आणि मला स्वतःला सर्वाधिक चकवणारी बाबही हीच होती, कारण किनाऱ्यावरची गाडी बाहेरून नव्हे, तर आतून सडते. पुढच्या काचेचे रबर कडक झाले की पावसाचे पाणी खांबातून खाली उतरते आणि दारांखालच्या बंद पोकळीत, म्हणजे सिलमध्ये, साचते. पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके जांभ्याच्या लाल मातीने व पानांच्या कुजक्या चुऱ्याने बुजलेली असतात. त्यात खारी हवा मिळाली की बाहेरचा रंग आरशासारखा असतानाही आतला पत्रा कागदासारखा होतो. मांगरात, म्हणजे घराजवळच्या कोठीवजा खोपीत, मातीच्या जमिनीवर, वर प्लॅस्टिकचे कव्हर घालून ठेवलेली गाडी उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीपेक्षा चांगली असेल असे गृहीत धरू नये. कव्हराखाली घाम धरतो आणि जमिनीची ओल तळाला लागते.

म्हणूनच मे महिन्यात दाखवलेल्या गाडीवर मी निर्णय देत नाही. उन्हाळ्यात रंग मारून, पुट्टी भरून गाडी सजवता येते. पाऊस ओसरू लागला की, म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास, तीच गाडी पाहावी. तोवर रंगाखालचे फोड वर येतात. पुढच्या काचेवर दोन बादल्या पाणी ओतून पायाखालची रबरी मॅट उचलावी आणि पाणी कुठे येते ते पाहावे. त्यानंतर लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून सिल, मडगार्डच्या कडा आणि दारांचे खालचे भाग यांवरून फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. तळाला फासलेला डांबरी लेप पाहून समाधान मानू नये. तो बहुधा झाकण्यासाठीच असतो; स्क्रूड्रायव्हरने खरवडून टोक दाबून पाहावे. मालक नाराज होतो, पण ज्याला खरवडू द्यायचे नाही त्याला काहीतरी माहीत असते.

यातही सर्व जागा सारख्या महत्त्वाच्या नाहीत. पायाखालचा फ्लोअर, डिकीचा तळ आणि बॅटरीखालची जागा गंजलेली असेल, तर नवा पत्रा बसवता येतो आणि एवढ्यासाठी गाडी मोडणे मी चूक मानतो. मागचे पाटे, म्हणजे मागच्या चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगा, जिथे बॉडीला टांगलेले असतात त्या जागा, पुढच्या सस्पेन्शनच्या जागा आणि दोन्ही बाजूंचे सिल यांवर मात्र गाडीचा सगळा भार असतो. शेवटची परीक्षा सोपी आहे: गाडी सपाट जमिनीवर उभी करून, उरलेल्या चाकांना दगड लावून, एका बाजूचे मागचे चाक जॅकने जरासे उचलावे आणि त्याच बाजूची दारे उघडून लावून पाहावीत. दार अडकू लागले किंवा फट स्पष्टपणे बदलली, तर सांगाडा वाकतो आहे. अशा वेळी गाडीखाली जाऊ नये आणि केवळ जॅकच्या भरवशावर तर मुळीच नाही.

वेल्डिंगवाला ‘सगळे होईल’ म्हणतो. त्याला एवढेच विचारावे की नवा पत्रा कोणत्या शाबूत पत्र्याला जोडणार. सिल आणि पाट्यांच्या जागा दोन्ही गेलेल्या असतील, तर या प्रश्नाला उत्तर नसते. ती गाडी चमकत असली तरी मोडावी. सिल गेले, पण पाट्यांच्या व सस्पेन्शनच्या जागा टणक आहेत, तर काम खर्चाचे आहे, तरीही होण्याजोगे आहे. तळ शाबूत, कागद पूर्ण आणि इंजिन मात्र बंद, अशी गाडी कोणीही कितीही पैसे देऊ केले तरी मोडू नये. इंजिन दुसऱ्या गाडीतून येऊ शकते, पण समुद्रकाठी न सडलेली बॉडी दुसरीकडून आणणे फार कठीण झाले आहे, कारण पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभीच थांबले.

भागांच्या किमतींची बेरीज पूर्ण गाडीपेक्षा जास्त भरते, हे कागदावर खरे आहे. प्रत्यक्षात जाळी, बंपर, दिव्यांच्या कड्या, मीटर आणि काचा लवकर जातात. दारे व मडगार्ड कोरड्या जागेअभावी पहिल्याच पावसात गंजतात आणि उरलेला सांगाडा भंगाराच्या वजनाने द्यावा लागतो. बेरीज करायचीच असेल, तर आपल्या ओळखीतील गिऱ्हाईक ज्या भागांसाठी आजच पैसे मोजण्यास तयार आहे, तेवढेच भाग तीत धरावेत.

मोडण्याचेच ठरले, तर आधी प्रत्येक बाजूने छायाचित्रे घ्यावीत, काचा सर्वांत आधी काढाव्यात, वायरिंग न कापता चिठ्ठ्या लावून सोडवावे आणि क्रोमच्या भागांना ग्रीस लावून ते गोणपाटात नव्हे, तर कोरड्या कागदात गुंडाळावेत. चेसी क्रमांकाचा पत्रा किंवा आरसी बुक कोणालाही विकू नये. या दोन गोष्टींवर दुसरी चोरीची गाडी उभी करता येते. गाडी कायमची निकामी झाल्याचे मालकाने १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे, म्हणून पहिला बोल्ट सोडवण्यापूर्वीच तो अर्ज लिहून तयार ठेवावा आणि दिलेल्या अर्जाची पोच जपून ठेवावी.