अंगावर पित्त उठलं तर घरी काय करावं

चिपळूणला माझं मेडिकल आहे. पावसाळा लागला की कुणी ना कुणी बाही वर करून हात पुढे करतं, "ताई, पित्त उठलंय, काहीतरी द्या ना." बरेच जण वर पॅन्टोप्राझोलही मागतात. ती गोळी पोटातल्या आम्लासाठी आहे, या खाजेवर तिचा उपयोग नाही. पित्त उठतं तेव्हा कातडीतल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतात. बारीक रक्तवाहिन्या त्याने सैल होऊन पाझरतात, कातडी फुगते आणि खाज सुटते.

हे पित्तच आहे ना, ते आधी बघा. गांधी, म्हणजे कातडीवर उठलेली फुगीर चकती, उठावदार असते, बोटाने दाबली की लाली जाते. मी गिऱ्हाइकाला एका गांधीच्या कडेने बॉलपेनची रेघ मारून शेजारी वेळ लिहायला सांगते. पित्त असेल तर काही तासांत ती जिरते किंवा रेघेबाहेर सरकते, आणि 24 तासांच्या आत मागमूस न ठेवता जाते. नवी दुसरीकडे उठेल ती उठेल. तीच गांधी त्याहून जास्त टिकली, दुखली किंवा काळा-निळा डाग ठेवून गेली, तर डॉक्टरांना दाखवा.

आता खाज. गार पाण्यात पिळलेलं सुती फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवा. कढत पाण्याने आंघोळ नको; अंगावर पडतं तोवर बरं वाटतं, मग दुप्पट खाजतं. कॅलामाइन लोशन लावा. आपल्याकडे आमसुलं भिजवून, कुस्करून ते पाणी अंगाला लावतात. गारव्यापुरतं जरूर लावा, पण खाजवून सोललेल्या कातडीवर नको, आग होते. घोंगडी मात्र बाजूला ठेवा. ऊब आणि घर्षण दोन्हींनी गांधी वाढतात. कपडे सैल, सुती घाला आणि नखं आजच कापा.

एक अपवाद आहे. पावसात भिजून किंवा गाडीवर गार वारा लागूनच ज्यांना पित्त उठतं, त्यांनी गार पट्टी ठेवू नये. कोरडं होऊन नेहमीच्या उबेत बसावं.

गोळी घ्यायची तर मोठ्या माणसाला सेटिरिझिन 10 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. झोप येऊ शकते, म्हणून ती घेऊन गाडी चालवू नका, दारू तर नकोच. लहान मूल, गरोदर बाई, किडनीचा त्रास असलेला माणूस यांच्यासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी देत नाही. स्टिरॉइडची गोळी शेजाऱ्याला लागू पडली म्हणून आपण घ्यायची नसते.

कारण शोधताना सगळे कालची कोळंबी आठवतात. कोळंबी, अंडी, शेंगदाणे यांनी होतं खरं, आणि तसं असेल तर बहुधा खाल्ल्यावर तास-दोन तासांतच उठतं. पण मी आधी विचारते, कुठली गोळी घेतलीत? ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि अँटिबायोटिक यांच्यामुळे पुष्कळदा उठतं. गुडघ्यासाठी रोज घेतलेली गोळी लोकांना औषधात धरायचीच नसते! अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टरांना लगेच फोन करा. मुलांना सर्दी-तापाच्या विषाणूनेही पित्त उठतं, म्हणून उगाच त्यांचं दूध, मासे तोडू नका.

जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, धाप लागली, चक्कर आली, गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर आमसूल नको, सेटिरिझिनची वाटही बघू नका. 108 लावा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा, दम लागत असेल तर बसू द्या, पण चालवत नेऊ नका. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं.

पित्त येत-जात सहा आठवड्यांच्या पुढे गेलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. उठलेल्या गांधींचे फोटो तारखेसकट मोबाईलमध्ये ठेवा, कारण दवाखान्यात नंबर लागेपर्यंत अंग पुष्कळदा स्वच्छ झालेलं असतं.