साक्षरता वर्ग चालवताय? मग या चुका टाळा

दरवर्षी ८ सप्टेंबरचा साक्षरता दिन जवळ आला की एखाद्या उत्साही पोराचा फोन येतो. "सर, वर्ग सुरू करतोय. महिनाभरात गाव साक्षर करून टाकू." मी म्हणतो, कर बाबा, पण यंदा दसरा कधी आहे ते आधी बघ.

बीडच्या पाटोदा, शिरूर, केज, धारूर पट्ट्यात दसरा झाला की माणसं ऊसतोडीला निघतात. मीही पहिल्या वर्षी सप्टेंबरातच पाट्या वाटल्या होत्या. हजेरीला तेवीस नावं. दसऱ्यानंतर राहिली सहा, त्यातल्या चार नातवंडं सांभाळायला मागं थांबलेल्या म्हाताऱ्या. आता कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे ऊसगाळपाचा हंगाम संपून, माणसं परतली, लग्नसराई ओसरली की वर्ग लावतो. पेरणीचे पंधरा दिवस सुट्टी. त्या दिवसांत हजेरीसाठी दारोदार फिरणारे स्वयंसेवक मला सहन होत नाहीत.

पण माझी खरी डोकेदुखी म्हणजे सही.

पंधरा दिवसांत सही शिकवायची, बॅनरसमोर फोटो काढायचा, अंगठा हद्दपार झाला म्हणून पेढे वाटायचे. अहो, ती बाई सही लिहीत नाही, रांगोळीसारखी काढते. नावातलं मधलं एक अक्षर वेगळं लिहून दाखवा, ओळखत नाही. केंद्र सरकारच्या 'उल्लास' या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या परीक्षेतसुद्धा वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना ५०-५० असे १५० गुण आहेत. तिथंही नुसत्या सहीवर भागत नाही.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. एका काकूंना मीच आठ दिवसांत सही शिकवली आणि चार लोकांत मिरवली. त्या वर्षी नवरा-बायको मुकादमाकडं, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्याकडं, उचल (हंगामाची आगाऊ रक्कम) घ्यायला गेले. आदल्या वर्षापर्यंत अंगठा होता, म्हणून कुणीतरी कागद मोठ्यानं वाचायचं, साक्षीदार शेजारी उभा असायचा. यंदा काकूंनी पेन मागितला. "काकू शिकल्या की!" म्हणत कागद पुढं सरकला. वाचून दाखवायची गरज कुणालाच वाटली नाही. हातात पडले साठ हजार, कागदावर नव्वद. कळलं ते एप्रिलात, हिशेबाला बसल्यावर. काकू भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सर, अंगठाच बरा व्हता. त्याला निदान कुणी वाचून तरी दाखवायचं."

तेव्हापासून सही माझ्याकडं सगळ्यात शेवटी. आधी कागदावरचा आकडा शोधायचा, मग तारीख, मग आपलं नाव. त्यासाठी पिशवीत रेशनची पावती, बँकेची स्लिप, वीजबिल, एसटीचं तिकीट असला सगळा कचरा ठेवतो. कोऱ्या कागदावर कुणी सही मागितली तर काय म्हणायचं, याची तोंडी तालीमही घेतो. बायका हसतात, पण तालमीत भारी भांडतात!

मोठ्या माणसाला 'अ अननसाचा' शिकवू नका. ऊस, उचल, कोयता, बाजार, यापासून सुरू करा.

हिशेब शिकवायला जाऊ नका, तो त्यांना तुमच्यापेक्षा चांगला येतो. सव्वापट, दीडपट तोंडावर असतं. अडतं ते लिहिताना. 'एकशे पाच' सांगितलं की शंभर लिहून पुढं पाच, म्हणजे १००५. मी शंभराच्या, दहाच्या आणि सुट्या पैशांच्या तीन वाट्या मांडतो. मधली वाटी रिकामी राहिली की तिथं शून्य. आणि आकडे मराठी-इंग्रजी दोन्ही शिकवा, मोबाईलवर इंग्रजीच असतात.

आईला शिकवायला पोटच्या पोराला बसवू नका. "एवढंपण येत नाही का?" असं पोरगं एकदा बोललं की ती पाटी चुलीमागं जाते. शेजारणीची सून बसवा. पोराला फक्त रोज संध्याकाळी शाळेच्या पुस्तकाचं एक पान आईला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वर्ग घ्यायचा असेल तर मालकाकडून पाळीतलाच अर्धा तास मागा. पाळी सुटल्यावर केसांत कापूस आणि डोक्यात घरच्या भाकरी घेऊन कोण बसणार? पुस्तक म्हणून हजेरीकार्ड आणि पगाराची चिठ्ठी पुरते.

आणि चष्मा. आमचा एक स्वयंसेवक एका मावशीबद्दल "डोक्यातच शिरत नाही" असं सांगून मोकळा झाला होता. मी मावशींना विचारलं, सुई ओवता का? म्हणाल्या, "आता नातच ओवून देती." मावशी पाटी हात लांब करून धरत होत्या, हे त्या शहाण्याला दोन महिने दिसलं नव्हतं. चाळिशीनंतर जवळचं अंधूक होतं, त्यात डोक्याचा काय दोष? मोतीबिंदूची शंका आली तर दवाखान्यात पाठवावं, नाहीतर बहुतेकांचं साध्या वाचायच्या चष्म्यावर भागतं. माझ्या पिशवीत दीड, दोन आणि अडीच नंबरचे तीन चष्मे असतात. म्हणजे असायचे. अडीचचा गेल्या वैशाखात एका आजीनं नेला, अजून आणून दिलेला नाही.