लेबलचा फोन आल्यावर: चाल, शब्द आणि कागद

"गाणं मस्तच आहे, फक्त थोडं कमर्शियल करू या." या वाक्यातला 'थोडं' हा शब्द महागात पडतो, कारण त्याचं माप कुणी सांगत नाही. आज प्रस्तावना कापली जाते, उद्या लय वाढते, परवा मधे रॅप येतो, आणि महिन्याभरानं जे प्रसिद्ध होतं त्यावर फक्त नाव आपलं उरतं. स्वतःची गाणी करून लेबलकडे (गाणी प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीकडे) देणाऱ्या मराठी गीतकार, संगीतकार आणि गायकांसाठी हे टिपण आहे. कुठे वाकायचं आणि कुठे नाही हे आधी ठरवायचं आणि कागदावर आणायचं, एवढंच त्यात आहे. तपशील मात्र बरेच आहेत.

आकडा ऐकण्याआधी एक पान

पैशाचा आकडा कानावर पडला की कान बदलतात. म्हणून त्याआधीच एका पानावर गाणं सुटं करून लिहा: शब्द, चाल, लय, पट्टी, गायक, वाद्यं, लांबी, चित्रीकरण. प्रत्येकासमोर 'हलणार नाही', 'विचारून हलेल' किंवा 'तुमचं तुम्ही बघा' यांपैकी एक शेरा द्या. 'हलणार नाही' हा शेरा दोन ठिकाणी मिळावा, फार तर तीन. आठही ठिकाणी तोच पडला असेल तर लेबलकडे जाऊच नका, गाणं स्वतः प्रसिद्ध करा. भावगीतात बहुधा शब्द आणि अंतऱ्याची चाल हलू नये. नाचाच्या गाण्यात ठेका हलू नये, तिथे शब्दांत थोडं इकडेतिकडे चालतं. गोंधळाच्या अंगानं केलेल्या गाण्यातून संबळ काढून ड्रम मशीन घातलं तर हाती वेगळंच गाणं उरतं, तेव्हा तिथे वाद्यं 'हलणार नाही'त जातात.

मागणी ऐका, मग तिचं कारण विचारा

लेबलची बहुतेक मागणी म्हणजे कुठल्या तरी अडचणीवर त्यांनी घाईत शोधलेला उपाय असतो. अडचण खरी असते, उपाय मात्र बदलता येतो.

सगळ्यात नेहमीची मागणी: "मुखडा लवकर आणा." कारण साधं आहे. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं तरच ते एकदा ऐकलं गेलं असं मोजतात. ३५ सेकंदांची प्रस्तावना असेल तर मुखडा सुरू होण्याआधीच ऐकणारा निघून जाण्याचा धोका असतो. आता हिशोब करा. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत आठ मात्रांचं एक आवर्तन ५ सेकंदांचं होतं. सात आवर्तनांच्या प्रस्तावनेतली दोन पुढे ठेवली तर मुखडा दहाव्या सेकंदाला येतो. उरलेली पाच पहिल्या अंतऱ्याआधीच्या संगीतात हलवा. सनईचा किंवा बासरीचा एकही सूर फेकावा लागत नाही. हे पटत नसेल तर दोन आवृत्त्या काढा, एक पूर्ण आणि एक छोटी. दोन्हींना स्वतंत्र आयएसआरसी लागतो. हा ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक. एकाच क्रमांकावर दोन लांबीच्या फाइली चढवल्या की ऐकलं गेल्याचा हिशोब आणि पैसे दोन्ही गोंधळतात.

"लय वाढवा" ही मागणी जास्त घातकी. मराठीत जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ लयीशी घट्ट बांधलेले असतात. ९६ वरून ११० वर गेलं की 'स्वप्न', 'नक्षत्र' असे शब्द गिळले जातात. वाद घालण्याआधी नव्या लयीत नुसत्या ठेक्यावर डमी गाऊन पाठवा. पुष्कळदा ते ऐकून समोरचाच माघार घेतो. आधी गायलेला आवाज सॉफ्टवेअरनं ताणू मात्र नका. चार-पाच टक्क्यांपुढे मुरक्या आणि खटके खोटे वाटायला लागतात, आणि ९६ ते ११० हा फरक जवळजवळ पंधरा टक्क्यांचा आहे. लय बदलायची तर पुन्हा गायचं.

"आवाज मोठा करा, बाकीच्या गाण्यांपुढे आपलं लहान वाटतं" हेही हमखास येतं. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं माप) या पातळीवर आणून ऐकवतं. मास्टर (प्रसिद्धीसाठीचं अंतिम ध्वनिमुद्रण) उणे ७ पर्यंत दाबून दिलं तर तिथे ते सुमारे ७ डेसिबलनं खाली ओढलं जातं. हाती राहते फक्त चेपलेली ढोलकी: थाप आणि चाट यांतला फरक गेलेली. दोन मास्टर करा, दोन्ही उणे १४ ला बसवा आणि लेबलच्या माणसाला कुठलं कोणतं ते न सांगता मोबाइलवर ऐकवा. शिखर उणे १ डेसिबलच्या आत ठेवा, नाहीतर फाइल आकसताना आवाज फाटतो.

पट्टी ठरल्याशिवाय ढोलकी नाही

ही चूक सगळ्यात खर्चिक. गाणं पुरुषाच्या आवाजात काळी एकमध्ये बसवलं, त्या सुराला ढोलकीची शाई जुळवून प्रत्यक्ष वाजवून घेतली, सनईही झाली. मग लेबलनं नामवंत गायिका आणली आणि तिला काळी चार हवी. सनई सरकवली की चिरकते आणि ढोलकीची आस बेसूर होते. अशा वेळी पुन्हा वाजवून घेण्यावाचून इलाज नाही, म्हणजे वादकांचं मानधन आणि स्टुडिओची पाळी दुप्पट. म्हणून गायकाचं नाव आणि पट्टी लेखी पक्की होईपर्यंत सगळं काम की-बोर्डच्या डमीवरच ठेवा. करारात एक ओळ घाला: "वाद्यांचं ध्वनिमुद्रण झाल्यावर लेबलने गायक किंवा पट्टी बदलल्यास पुनर्मुद्रणाचा सर्व खर्च लेबल वेगळा देईल व तो वसुलीत धरला जाणार नाही." शेवटचे सहा शब्द विसरू नका. वसुली म्हणजे लेबलनं आपला खर्च गाण्याच्या मिळकतीतून आधी कापून घेणं. त्यांच्याशिवाय तो खर्च फिरून आपल्याच खिशातून जातो.

कायदा काय विकू देत नाही

एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर. लेबलला खरी गरज मास्टरची असते, पण कागदावर दोन्ही मागितल्या जातात.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेली दुरुस्ती इथे कामाची आहे. कलम १८ नुसार गीतकार आणि संगीतकार रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देऊ शकत नाहीत. तो वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडेच देता येतो, आणि याविरुद्ध केलेला करार रद्दबातल ठरतो. 'एकरकमी, पुढे काही मागणार नाही' असं लिहिलं असलं तरी हा वाटा जात नाही. पण तो हातात पडायचा तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी कॉपीराइट सोसायटी) सभासदत्व आणि प्रत्येक गाण्याची नोंद हवी. गायक-वादकांसाठी अशीच इसामरा (पूर्वीची इसरा) आहे. नोंदीतलं नाव, करारातलं नाव आणि गाण्यासोबत चढवलेलं नाव अक्षरशः एक असावं. एकीकडे आद्याक्षरं आणि दुसरीकडे पूर्ण नाव असेल तर पैसे बेवारस पडून राहतात.

कलम १९ शांतपणे वाचा. हस्तांतर लेखी आणि सहीचं हवं. त्यात कृती, हक्क, मुदत, प्रदेश आणि मोबदला यांचा उल्लेख हवा. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो संपतो, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. छापील करारात ते नेमकं वेगळं लिहिलेलं असतं. ती ओळ खोडून घ्या आणि लिहा: "सहा महिन्यांत गाणं प्रसिद्ध न झाल्यास सर्व हक्क परत." गाणं घेऊन कपाटात ठेवणं हा दबावाचाच प्रकार आहे, फक्त त्याचा आवाज होत नाही.

'आज असलेली आणि पुढे येणारी सर्व माध्यमं' हे शब्दही तपासा. करार करताना अस्तित्वात नसलेल्या किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचा नाव घेऊन उल्लेख नसेल, तर त्याला हस्तांतर लागू होत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचं तसं नाही, ती आता वापरात आहे, म्हणून तिच्याबद्दल स्पष्ट लिहा: "आवाज, चाल किंवा मास्टर यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वा आवाजाची नक्कल करण्यासाठी वापरता येणार नाहीत." मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा नकलेला अंतरिम मनाई केली. पण कोर्टात जाण्यापेक्षा एक ओळ स्वस्त.

कलम ५७ कर्त्याला नाव लागण्याचा आणि मानहानी होईल अशा मोडतोडीला रोखण्याचा हक्क देतं. कलम ३८ख गायक-वादकांनाही असाच हक्क देतं, पण त्यात एक पळवाट आहे. ठरावीक वेळेत बसवण्यासाठी नुसती काटछाट केली, तर केवळ तेवढ्यानं कलाकाराच्या लौकिकाला बाधा आली असं मानत नाहीत. तेव्हा किमान लांबी करारातच घाला: "पूर्ण आवृत्ती ४ मिनिटे १० सेकंदांपेक्षा कमी होणार नाही, रीलसाठीचा तुकडा कर्त्याने निवडलेला असेल."

वसुलीचं गणित

दबाव बऱ्याचदा इथून येतो: "आम्ही एवढा खर्च करतोय." समजा लेबलनं चित्रीकरणावर २ लाख आणि प्रचारावर १ लाख घातले, वाटा निम्मा-निम्मा आणि गाणं वर्षाला ६० हजार कमावतं. वसुली एकूण मिळकतीतून असेल तर ३ लाख फिटायला पाच वर्षं लागतात. ती फक्त आपल्या निम्म्या वाट्यातून असेल तर दहा. परवाना पाच वर्षांचा असेल तर दोन्हीकडे मास्टरमधून हातात शून्य. (रचनेची रॉयल्टी वेगळी. ती वसुलीत ओढू देऊ नका.) म्हणून मालकी न देता पाच किंवा सात वर्षांचा परवाना द्या, वसुली एकूण मिळकतीतून ठेवा, प्रचारखर्चाला आकड्यानिशी मर्यादा घाला आणि सहामाही हिशोब बिलांसह मागा. चित्रीकरण साधं करायला तयार झालात तर 'विचारून हलेल' वाल्या गोष्टी राखायला ताकद येते. कमी खर्च म्हणजे कमी देणं, आणि कमी देणं म्हणजे कमी ऐकून घेणं.

सूचनांच्या फेऱ्या

लेबलकडून बोलणारा माणूस एकच असावा. मालक, त्यांचा भाचा, मार्केटिंगवाला आणि दिग्दर्शक असे चौघे बोलायला लागले की प्रत्येक मिक्समध्ये एकाची सूचना दुसऱ्याची पुसून टाकते. दोन फेऱ्या मानधनात, तिसरीपासून दर वेगळा. सूचना लेखी आणि वेळेच्या खुणेसह घ्या: '१:१२ ला ढोलकी कमी' चालेल, 'अजून फील पाहिजे' चालणार नाही. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर मिक्स मंजूर. फाइलच्या नावात लय, पट्टी आणि फेरी असू द्या. फोनवर 'हो' म्हणालात तरी त्याच दिवशी संदेश टाका: "बोलल्याप्रमाणे फक्त प्रस्तावना १० सेकंदांची, बाकी तसंच."

शब्दांत ब्रँडचं नाव घालायची मागणी आली तर मूळ गाण्याला हात लावू देऊ नका. जाहिरातीसाठी वेगळे बोल, वेगळं मुद्रण, आणि परवाना मोजका: तीन महिने, अमुक माध्यमं, अमुक राज्यं. मूळ गाण्यात घुसलेलं नाव ते गाणं असेपर्यंत निघत नाही.

ओवी, भारूड, कोळीगीत यांवर काम करत असाल तर मोह उलट्या बाजूनंही होतो. पारंपरिक चालीवर 'संगीतकार' म्हणून पूर्ण नाव लावायला लेबल उत्सुक असतं, कारण मालकी सांगायला सोपं जातं. 'पारंपरिक, संगीत संयोजन अमुक' एवढंच खरं असेल तर तेवढंच लावा. तीच चाल दुसऱ्या कुणी गायली की यूट्यूबवर त्याच्या गाण्यावर दावा ठोकला जातो, आणि तो आपल्या नावानं ठोकला जातो. विकत घेतलेल्या लूपचंही (तयार मिळणाऱ्या, पुन्हा पुन्हा वाजवायच्या तुकड्यांचंही) तसंच. जे लूप हजारो लोक वापरतात ते उघडे, एकटेच वाजत असतील तर ते मास्टर कंटेंट आयडीत (यूट्यूबच्या आपोआप दावा ठोकणाऱ्या यंत्रणेत) घालू नका.

फाइली देताना

पहिला हप्ता येईपर्यंत फक्त एमपी३ द्या, तीही मधे आवाजाची खूण टाकून. पूर्ण रक्कम आल्यावर ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाइल. प्रत्येक वाद्याचे सुटे ट्रॅक मागितले तर आधी कारण विचारा. रिमिक्सचा हक्क दिलेला नसेल तर ते देण्याची गरज नाही. दिलाच असेल तर 'प्रत्येक रिमिक्सला प्रसिद्धीपूर्वी लेखी मंजुरी' ही ओळ हवी. सगळ्याची प्रत दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि परवाना संपण्याच्या नव्वद दिवस आधीची तारीख कॅलेंडरवर आजच टाका. 'लेखी नकार न दिल्यास आपोआप नूतनीकरण' हे कलम शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात असतं.