मिनी ट्रॅक्टरला जादा लाइट बसवताय? या चुका टाळा

ऑक्टोबर छाटणी झालेली, कोवळी फूट आलेली आणि वरून पाऊस. निफाड, दिंडोरी, तासगाव, कुठल्याही द्राक्षवाल्याला विचारा, डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) धाकानं अशा वेळी रात्रीसुद्धा फवारणीचा ब्लोअर थांबत नाही, आणि तेव्हाच कळतं की ट्रॅक्टरच्या कंपनीच्या दोन हेडलाइटवर बागेत काम भागत नाही. हेडलाइट समोर लांब उजेड टाकतात. आपल्याला बघायचं असतं ते बाजूची खोडं, मांडवाचे अँगल, मागचं अवजार आणि ओळ संपल्यावर वळायची जागा. मग लोक बाजारातून दोन-चार एलईडी आणतात, मिस्त्री जिथं जागा दिसेल तिथं पट्टी वेल्ड करतो, हेडलाइटच्या वायरीला जोड मारतो आणि काम झालं म्हणतो. महिनाभरात एक लाइट बंद, दुसरी लुकलुकतेय, सकाळी सेल्फ लागत नाही. माझं सांगणं असं आहे की उजेड नेमका कुठं पाडायचाय ते आधी ठरवा, लाइट कुठली आणि किती वॅटची घ्यायची ते त्यावरूनच ठरतं.

बॉक्सवरचा आकडा बघून खरेदी करू नका

१८ वॅटच्या लाइटवर ५००० लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) छापलेलं सर्रास दिसतं. चांगली एलईडी लाइट एका वॅटला साधारण १०० लुमेनच्या आसपास उजेड देते, म्हणजे १८ वॅटला १८०० धरा, त्यामुळं ५००० चा आकडा दिसला की ती लाइट तिथंच ठेवा, कारण जो आकडा फुगवतो तो आतला माल पण तसाच भरतो. आणि मिनी ट्रॅक्टर शेतात तासाला तीन-चार किलोमीटरनं चालतो, पुढचं दहा-पंधरा मीटर स्वच्छ दिसलं की पुरे. म्हणून फ्लड घ्यायची, म्हणजे उजेड रुंद पसरवणारी. स्पॉट लाइट लांब झोत टाकते, दुकानात भिंतीवर मारून दाखवली की भारी वाटते पण बागेत तिचा एक गोल पांढरा ठिपका पडतो आणि आजूबाजूला आणखीनच अंधार वाटतो. पुढं दोन, मागं दोन, १८ वॅटच्या चांगल्या फ्लड लाइटी मिनी ट्रॅक्टरला भरपूर झाल्या.

आयपी रेटिंग मात्र नक्की बघा. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालते. पण ते प्रेशर वॉशरसाठी नाही, जोराच्या गरम पाण्याच्या फवाऱ्याची टेस्ट आयपी ६९के मध्ये असते. ६७ वाली लाइट असेल तर धुताना वॉशर थेट तिच्या कडेवर मारू नका.

फवारणीच्या धुक्याचा विचार न करणं

ही चूक जवळजवळ सगळेच करतात. ब्लोअरचं तुषार हवेत असतं आणि त्यावर पांढरा झगझगीत उजेड पडला की तो उलटा आपल्याच डोळ्यात येतो, जेवढी लाइट जास्त तेवढं कमी दिसतं. वारा पुढून असेल किंवा ओळीच्या टोकाला वळून परत त्याच धुक्यात शिरायचं असेल तर समोर नुसती पांढरी भिंत. उंचावर, डोळ्याच्या जवळ बसवलेली लाइट या बाबतीत सगळ्यात वाईट, कारण उजेड जातो त्याच रेषेत परत येतो. फवारणीसाठी पुढच्या लाइटी बोनेटच्या बाजूला किंवा पुढच्या बंपरवर खाली घ्या, थोड्या बाहेरच्या बाजूला वळवा म्हणजे दोन्हीकडची खोडं आणि बोद (वेलीच्या ओळीतला मातीचा उंचवटा) दिसतात, आणि झोत खाली जमिनीकडं ठेवा.

मागची लाइट ब्लोअरवर मारून ठेवायची असेल तर तिला स्वतंत्र बटण हवंच हवं. नोझल तुंबलाय का, पंप गळतोय का हे बघायला ती लावायची, फवारणी सुरू झाली की बंद. आणि नोझल बघायला खाली उतरताना पीटीओ (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) बंद करूनच उतरा, लाइट चांगली झाली म्हणून फिरत्या शाफ्टजवळ वाकून बघायचा मोह होतो, तो जिवावर बेततो.

रंगाचं पण तेच. बाजारातल्या बहुतेक एलईडी ६००० ते ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), निळसर पांढऱ्या. धुळीत आणि धुक्यात ४००० च्या आसपासची किंवा पिवळी लाइट डोळ्याला बरी पडते, किडे पण त्यामानानं कमी येतात.

जागा चुकणं

मोकळ्या रानात रोटाव्हेटर मारणाऱ्यानं लाइट उंच लावावी, उंचीवरून सावली आखूड पडते आणि ढेकळं, सरी नीट दिसते. पण बागेत मांडवाखाली चालणाऱ्या ट्रॅक्टरचं गणित वेगळं आहे, तिथं वरच्या पाइपावर बसवलेली लाइट पहिल्याच फेरीत तारेला नाहीतर काडीला अडकते. बागेत मडगार्ड हीच खरी जागा. दोन मडगार्डवर दोन लाइटी बसवून त्यांचे झोत मागं अवजारावर एकमेकांना छेदतील असे फिरवा, म्हणजे एका लाइटमुळं पडलेली लिफ्टच्या दांड्यांची सावली दुसरी पुसून टाकते. एकच लाइट मधोमध लावली की अर्धा रोटाव्हेटर सावलीत.

रोलओव्हरचा पाइप असेल तर त्याला भोक पाडू नका, वेल्डिंग पण करू नका. ट्रॅक्टर पलटला तर माणसाला वाचवायला तो पाइप आहे, भोक पाडलं किंवा वेल्ड केलं की तिथं तो कमजोर होतो. यू-क्लॅम्प आणि आत रबर, बस. दुसरीकडं कुठं वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, नाहीतर अल्टरनेटरचे (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करतो त्याचे) डायोड उडतात.

लहान ट्रॅक्टर थरथरतो जास्त. स्वराज ७१७ एका सिलिंडरचा, जिवो २४५ दोन सिलिंडरचा, आणि तीन सिलिंडरवाले त्यामानानं शांत. थरथरीनं साधा नट ढिला होणारच, म्हणून नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) वापरा आणि पट्टी जाड घ्या, पातळ पत्र्याची पट्टी हलत राहते आणि मग बेंडपाशीच मोडते. सायलेन्सरच्या जवळ लाइट नको आणि वायर तर अजिबात नको. लाइटच्या पाठीमागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना हवा लागली पाहिजे, त्यांच्यात चिखल भरून वाळला की लाइट तापते आणि लवकर मरते.

बसवून झालं की दिवसा टाइट करू नका. रात्री सपाट जागेवर ट्रॅक्टर उभा करून, अवजार एकदा वर एकदा खाली घेऊन, सीटवर बसूनच झोत लावा आणि मग पाना फिरवा. बोनेटवर उजेड पडून डोळ्यात चमकतोय का तेही तेव्हाच बघायचं.

बॅटरीचं आणि वायरीचं गणित न करणं

वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर, एवढंच गणित आहे. ५५ वॅटचे चार हॅलोजन म्हणजे २२० वॅट, १२ व्होल्टला जवळपास १८ अँपिअर. १८ वॅटच्या चार एलईडी म्हणजे ७२ वॅट, ६ अँपिअर. आता त्यात हेडलाइटचे आणि बॅटरी चार्जिंगचे धरा आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकात अल्टरनेटर किती अँपिअरचा आहे ते बघा, लहान ट्रॅक्टरचा अल्टरनेटर लहानच असतो आणि स्लो रेसवर तो पूर्ण करंट देतच नाही. हॅलोजन सोडून एलईडी घ्यायचं खरं कारण हेच आहे.

हेडलाइटच्या वायरीतून जोड घेणं बंद करा. ती वायर आणि ते बटण तेवढ्या लोडसाठी दिलेलंच नसतं, बटण आतून वितळतं, आणि ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापल्यावर डीलरशी वाद घालायला तोंड राहत नाही. सरळ बॅटरीपासून नवीन लाइन काढा. बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत फ्यूज, तिथून रिलेच्या (बटणाच्या छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) ३० नंबरला, ८७ नंबरवरून लाइटींना, मागच्या लाइटींना असाच वेगळा रिले आणि बटण. ८५ आणि ८६ पैकी एक मायनसला आणि दुसरा बटणाला, बटणाला करंट चावी ऑन केल्यावर येणाऱ्या वायरीतून द्या म्हणजे चावी बंद की लाइट पण बंद. नाहीतर ६ अँपिअरच्या लाइटी तीन तास तशाच चालू राहिल्या तर १८ अँपिअर-अवर बॅटरीतून गेले, आणि लहान बॅटरी असेल तर सकाळी धक्का मारायची वेळ येते.

वायर अडीच स्क्वेअर एमएमची (दुकानात नुसतं अडीच एमएम म्हणतात), बारीक तारांची लवचिक घ्या. समजा लाइट बॅटरीपासून चार मीटरवर आहे, जाऊन येऊन आठ मीटर. एक एमएमच्या वायरीत ६ अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच खर्च होतो, हॅलोजनचे १८ अँपिअर असतील तर अडीच व्होल्टपेक्षा जास्त. अडीच एमएमला तेच ०.३५ आणि १ व्होल्टवर येतं. लाइट मंद आहे म्हणून लोक जास्त वॅटची आणतात आणि दोष असतो वायरीत.

मायनस बॉडीला मारून मोकळं होऊ नका. मडगार्डला रंग, गंज, मधे रबर, करंट परत येणार कुठून? वेगळी मायनस वायर थेट बॅटरीपर्यंत न्या. जोड पिळून टेप मारलेला नको, लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून क्रिम्प करा, वर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) आणि जोडावर थोडं व्हॅसलीन, कारण आपल्याकडं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि गंधक उडत असतं आणि ते तांब्याला आणि ॲल्युमिनियमला दोन्हीला खातं. फवारणी झाली की लाइटी साध्या पाण्यानं धुऊन टाकायची सवय ठेवा. वायर काळ्या फ्लेक्झिबल पाइपातून न्या आणि डिझेलच्या पाइपाला बांधू नका.

आता लाइट बसवलेली आहे पण त्रास देतेय

बटण दाबल्याबरोबर फ्यूज उडत असेल तर वायर कुठंतरी घासून बॉडीला लागलीय, क्लॅम्पच्या आणि पत्र्याच्या कडेला बघा. थोडा वेळ चालून उडत असेल तर लोड जास्त आहे किंवा फ्यूज छोटा. सहा अँपिअरच्या लोडला १० चा लाल फ्यूज बरोबर आहे. तो उडतो म्हणून ३० चा हिरवा घालणं किंवा तांब्याची तार गुंडाळणं हे अजिबात करू नका. फ्यूजच्या जागी मग वायर जळते, आणि जवळच डिझेल असतं.

मंद किंवा लुकलुकत असेल तर मल्टिमीटर घ्या, दीड-दोनशेचा पण चालतो. इंजिन बंद असताना चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४. तेवढं येत नसेल तर अल्टरनेटर किंवा पट्टा बघा, लाइटचा दोष नाही. बॅटरीला बरोबर येतंय तर लाइटी चालू ठेवून लाइटच्या टोकाला मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असला तर वायर नाहीतर जोड. मग मीटरची एक तार लाइटच्या मायनसला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावा, तिथं ०.२ पेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग खराब आहे.

रिले टकटक आवाज करतोय पण लाइट लागत नाही, तर ३० वर करंट येतोय का आणि ८७ वरून पुढं जातोय का बघा. आवाजच नाही तर बटण किंवा ८५-८६ ची वायर. खड्ड्यात गेल्यावर बंद आणि परत चालू होत असेल तर कुठला तरी लग ढिला आहे, एकेक वायर हातानं हलवून बघितली की सापडतो.

काचेच्या आत बाष्प दिसलं म्हणून सगळीकडं सिलिकॉन भरू नका, बऱ्याच लाइटींना मागं हवा जायला बारीक भोक किंवा जाळी असते, ती बुजली की बाष्प आतच अडकतं. थेंब साचून पाणी दिसत असेल तर सील गेलंय, लाइट बदला.

आणि शेतातून रस्त्यावर आलात की मागच्या लाइटी बंद. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १०८ व्या नियमाप्रमाणं गाडीच्या मागं लाल सोडून दुसरा उजेड दाखवता येत नाही, ट्रॅक्टरच्या प्लाऊ लाइटला सूट आहे ती शेतातल्या कामात अवजाराखालची जमीन दिसावी एवढ्यासाठी. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला तो पांढरा झोत थेट डोळ्यात बसतो आणि त्याला ट्रॉली कुठं संपते तेच कळत नाही. बटण सीटवरून हात पोचेल असं बसवा आणि बांध ओलांडायच्या आधीच दाबा.